धाकटीवर आळ

काका गेले तेव्हा मराठी मंडळाने अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीतली एक खोली घेऊन शोकसभा ठेवली. तीन-चार जण बोलले. ‘तत्त्वाचा माणूस’ हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी आले. मी मागच्या ओळीत होतो. कोणीतरी मागे वळून म्हणालं, “तुम्ही तर त्यांच्याबरोबर काम केलंय, दोन शब्द बोला ना.” मी उठलो, कोट घातला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. जे शब्द माझ्या तोंडात होते ते त्या खोलीत चालले नसते.

त्यांच्या तत्त्वाचं बिल कोणाच्या नावावर फाटलं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. म्हणून लिहितो आहे.

आमच्या भागात सगळे इंजिनियर. मोटारींच्या कंपन्यांमध्ये कोणी ब्रेकवर, कोणी पिस्टनवर. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहून टीव्ही दुरुस्त केले, मग आपल्या लोकांची लग्नं आणि मुंजी व्हिडिओवर घेतल्या. ज्यांच्या मुंजी घेतल्या त्यांनीच मला ‘कॅमेरावाला’ असं नाव ठेवलं. पुढे पाव वाटायची एक जुनी मोठी गाडी मी लिलावात उचलली आणि तिच्या पोटात थेट प्रक्षेपणाचा ट्रक उभा केला. मॉनिटर, स्विचर, रेकॉर्डर, सगळं सेकंडहँड, सगळं घासाघीस करून आणलेलं. उन्हाळ्यात आत अजून यीस्टचा वास यायचा. पण तिथल्या एका केबल चॅनेलने हंगामभराच्या शर्यतींचं कंत्राट मला दिलं. आपल्या लोकांत तोपर्यंत असं काम कोणाला मिळालं नव्हतं. ते कंत्राट होतं म्हणून बँकेने ट्रकवर कर्ज दिलं. कंत्राट गेलं की ट्रक जाणार. इतकं साधं होतं ते. काकांनाही ते ठाऊक होतं, मी शंभरदा सांगितलं होतं.

काका, सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मुळातले टेलिव्हिजन स्टेशनचे. एम.एस. करायला आले, एका स्टेशनवर लागले आणि बरीच वर्षं काढून चीफ इंजिनियरशी भांडून बाहेर पडले. भांडण कशावरून, तर कंट्रोल रूमच्या भिंतीच्या रंगावरून. मॉनिटरच्या मागची भिंत राखाडीच हवी, दुसरा कुठलाही रंग डोळ्याला फसवतो, हे त्यांचं म्हणणं होतं. चीफ इंजिनियरने ती निळी रंगवली. काकांनी नोकरी सोडली. बायको कंटाळून केव्हाच नागपूरला परत गेली होती. अपार्टमेंटमध्ये ते एकटे राहायचे आणि तिथली एक भिंत राखाडी होती.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. मैदानात तीन कॅमेरे असतात, प्रत्येकामागे एक माणूस. तो माणूस फक्त फिरवतो आणि झूम करतो. रंग, उजेड, काळोख हे सगळं ट्रकमध्ये बसलेल्या एका माणसाच्या हातात असतं. त्याला शेडर म्हणतात. लेन्सच्या आत उजेड कमी-जास्त करणारी पाकळ्यांची एक खिडकी असते, आयरिस. ती ट्रकमधल्या गोल बटणाने उघडते आणि मिटते. ढग आला की उघडायची, ऊन आलं की मिटायची. तिन्ही कॅमेऱ्यांचं गवत एकाच हिरव्या रंगाचं दिसलं पाहिजे. हे काम ज्याला जमतं त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. काकांना ते जमायचं. हे मी कबूल करतो, कारण खोटं बोलून माझा हिशेब पुरा होणार नाही.

तिन्ही कॅमेऱ्यांना ते थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचे. अमेरिकन मंडळींसमोर वन, टू, थ्री. माझ्याशी बोलताना मात्र, “शेठ, धाकटीचा लाल पुन्हा सरकला. आज तिला सर्दी आहे.” मला ते शेठ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी उलगडलं नाही.

त्या काळच्या कॅमेऱ्यांत तीन काचेच्या नळ्या असत, लाल, हिरवी आणि निळी. तिन्हींची चित्रं एकावर एक तंतोतंत बसली तर माणूस नीट दिसतो, नाहीतर नाकाला हिरवी किनार येते. नळ्या तापल्याशिवाय बसत नाहीत. म्हणून काका पहाटेच येऊन कॅमेरे सुरू करायचे आणि थर्मासातला चहा घेऊन शेजारी बसायचे. तेवढ्यात कोणी काही विचारलं तर हात वर. “अजून गरम व्हायच्यात.” हे त्यांचं पालुपद होतं. मंडळाच्या नव्या अध्यक्षाने पहिल्याच बैठकीत घोळ घातला तेव्हाही काका म्हणाले, “थांबा, अजून गरम व्हायचाय.” एका नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं, त्यांच्या तोंडावरही तेच म्हणाले. नवरी तांबडी झाली.

ट्रकमध्ये त्यांचा कोपरा राखाडी होता. तिथे कोणी लाल किंवा पिवळा शर्ट घालून आलं की खुंटीवरचा राखाडी झगा पुढे करायचे. कपड्याचा रंग मॉनिटरच्या काचेवर पडतो म्हणे. चॅनेलचा डिरेक्टर पहिल्या दिवशी केशरी स्वेटर घालून आला. काकांनी झगा दिला. तो हसला. काका झगा हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी त्याने घातला. आपल्याला शिक्षा झालेल्या पोरासारखं वाटलं, असं तो मला नंतर म्हणाला. त्याच्या मनात ते राहिलं असणार.

लोकांच्या घरी तर त्यांना बोलावणं म्हणजे संकट. गणपतीत एकाकडे आरती संपली आणि हॉलमधला नवा मोठा टीव्ही सुरू झाला. काका प्रसादाची वाटी हातात घेऊन थेट सेटपाशी गेले आणि बटणं फिरवायला लागले.

“अंकल, डोन्ट टच दॅट!” घरातली मुलगी ओरडली.

“अगं, सगळी माणसं संत्र्यासारखी दिसतायत.”

“वी लाइक इट लाइक दॅट!”

“माणसं अशी नसतात, बाळ,” काका म्हणाले आणि फिरवत राहिले. यजमानांनी हसून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रण नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कॅमेरा लावताना तिथले लोक रंग जुळवायचा एक तक्ता समोर ठेवत. त्यावर एक गोरीपान बाई. तिचा चेहरा बरोबर दिसला की झालं. काका तो तक्ता बघायचे, मग मला हाक मारायचे. “शेठ, जा, धाकटीपुढे हात धर.” मी जाऊन लेन्ससमोर माझा काळा हात धरायचा. थंडीत, वाऱ्यात, हातमोजा काढून. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज यायचा, “जरा पालथा कर. आता उताणा. हां.” माझ्या हातात रक्तमांस दिसायला लागलं की ते समाधानाने घसा खाकरायचे. त्यांचा स्वतःचा हात का नाही, असं मी एकदा विचारलं. “माझा हात बटणावर असतो,” म्हणाले.

आता माझ्या पहिल्या तक्रारीकडे येतो. कॅमेरे घेताना मला चिपवाले हवे होते. तेव्हा ते नवे निघाले होते. हलके, नळ्या नाहीत, तापवणं नाही, आणि उजेडाचं काम बऱ्यापैकी स्वतःच करणारे. डीलरला मी इतका खाली आणला होता की तो माझ्याकडे बघेनासा झाला होता. सौदा झालाच होता. इतक्यात काकांनी खिशातून एक छोटी बॅटरी काढली आणि लेन्सवर मारली. मॉनिटरवर उजेडाच्या ठिपक्यातून वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ उभी राहिली.

“हे बघ,” ते मला मराठीत म्हणाले. “मोटारींच्या शर्यती. ऊन. क्रोम. प्रत्येक गाडीतून अशी रेघ निघेल. तू मोटारी दाखवणार आहेस की झाडू?”

“नळीवाल्यांच्या चित्रात हलत्या उजेडाला शेपट्या येतात, त्याचं काय?”

“शेपटी मागे राहते आणि विरते. ही रेघ हलत नाही.”

“काका, लोकांना कळतसुद्धा नाही हो.”

“मला कळेल ना.”

मी हट्ट सोडला. ते जाणकार होते, आणि मी जाणकाराचं ऐकतो. ओहायोमधलं एक स्टेशन बंद पडत होतं, तिथे नळ्यांचे तीन कॅमेरे विकायला होते. तिथे गेल्यावर मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. हे किती जुनं, ह्याचा रंग उडालाय, हे कोण घेणार, दोन वर्षांत भंगार. विकणारा घामाघूम झाला होता. काकांनी लेन्सला टोपी लावली आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले. कॅमेरा घेताना आधी त्याचा काळा बघायचा, असं त्यांचं मत होतं. मग टोपी काढली, थोडं फिरवलं आणि विकणाऱ्याकडे वळून मोठ्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “वा! किती सुंदर ठेवलेत तुम्ही! ह्या लाल नळीसारखी नळी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही.”

विकणारा माझ्याकडे बघून हसला. त्यानंतर तो एक डॉलर खाली आला नाही.

परतीच्या पूर्ण रस्त्यात मी ओरडत होतो. “तुम्हाला कोणी विचारलं होतं? मी भाव पाडतोय आणि तुम्ही आरती ओवाळताय!”

“चांगल्या वस्तूला वाईट म्हणवत नाही मला.”

“मग गप्प बसायचं!”

“गप्प बसलो तर तू म्हणतोस ते मला पटलं असं होतं.”

हे बोलणं मी तेव्हा विक्षिप्तपणात धरलं. चिपवाले घेतले असते तर उजेड कॅमेऱ्यांनीच सांभाळला असता आणि त्या कोपऱ्यात माणूस बसवायची गरजच नव्हती. ते बटण त्यांच्या हातात दिलं ते मीच.

शर्यती लहान गावातल्या लहान ट्रॅकवर होत. कारखान्यात आठवडाभर काम करणारी माणसं घरच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या गाड्या रविवारी दुपारी पळवायची. बायका-पोरं स्टँडमध्ये बसायची. थोरली सुरुवातीच्या रेषेपाशी, मधली गाड्या थांबतात तिथे. धाकटी उंच मचाणावर, लांबच्या लेन्ससकट. पलीकडचं वळण आणि स्टँड, दोन्ही फक्त तिला दिसायचं. तिच्यामागे नागपूरचा एक एम.एस. करणारा मुलगा असायचा, हौशी, हुशार.

हंगाम संपत आला होता. चॅनेलने पुढच्या वर्षाचं कंत्राट देण्याचं तोंडी कबूल केलं होतं, सह्या व्हायच्या होत्या. त्या रविवारी शर्यतीआधी निवेदकाने एका ड्रायव्हरच्या बायकोशी चार शब्द बोलून घेतले होते. पिवळं जाकीट घातलेली, हसरी बाई. नवरा कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर काम करतो, गाडी दोघांनी मिळून रंगवली, असं काहीतरी सांगत होती.

मी जनरेटरपाशी होतो. आधी लोकांचा आवाज आला, मग पलीकडच्या वळणावर धूर दिसला. मी ट्रककडे धावलो. आत डिरेक्टर उभा होता, मॉनिटरवर धाकटीचं चित्र, भिंतीला धडकून पेटलेली एक गाडी. लांबून, पण स्वच्छ. गाडी कोणाची ते लाउडस्पीकरवर अजून सांगितलं नव्हतं. ट्रकमध्ये मात्र नंबर वाचता येत होता.

“बायको कुठे आहे?” डिरेक्टर म्हणाला. “थ्री, पिवळं जाकीट शोध. स्टँडमध्ये.”

चित्र सरकलं, स्टँडवर गेलं, सापडलं. ती बाई मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. आजूबाजूचे लोक उभे राहून धुराकडे बघत होते. ती बसलेली होती. तिने एकदा वर पाहिलं, शेजारणीला काहीतरी विचारलं आणि पुन्हा पिशवीत हात घातला.

“थांब तिथेच,” डिरेक्टर हळू आवाजात म्हणाला. “हलू नकोस. आता कळेल तिला. कोणत्याही क्षणी. जवळ जा.”

तिचा चेहरा पडदाभर झाला. आणि अंधार झाला.

हेडफोनमधून नागपूरचा मुलगा ओरडला, “काका, पिक्चर गेलं यार! मी काही नाही केलं!”

डिरेक्टर ओरडला, “थ्री कुठे आहे? थ्री उघड!” मग थोरलीवर गेला, तिथे थांबलेल्या गाड्या. मधलीवर गेला, तिथे पाठमोरी धावणारी माणसं. “मग आगीवर तरी जा! थ्री, आगीवर फिरव!” मुलाने फिरवला असणार, पण दिसणार काय? काकांची बोटं बटणावर होती आणि बटण शेवटपर्यंत मिटलेलं होतं.

मी दोन ढांगांत कोपऱ्यात गेलो. “काका, उघडा.”

“नाही.”

“आग दाखवू द्या निदान! बाईला नका दाखवू.”

“उघडलं की तो पुन्हा तिच्याकडे फिरवेल.”

“माझं कंत्राट जाईल!”

“माहीत आहे.”

मी त्यांचं मनगट धरलं. हाडं आणि कातडी, पण हललं नाही. मी दुसऱ्या हाताने बोटं सोडवायला गेलो, तर त्यांनी दुसरा तळहात वर ठेवला. ते माझ्याकडे बघतही नव्हते. काळ्या पडद्याकडे बघत होते. “शेठ, हात काढ,” म्हणाले. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मारायचं तेवढं बाकी राहिलं होतं. मी हात काढला. चॅनेलने जाहिराती लावल्या. अँब्युलन्स मैदानातून बाहेर गेल्यावर काकांनी धाकटी हळूहळू उघडली, नेहमीसारखी, ढग सरल्यावर उघडायचे तशी. वळण रिकामं होतं.

तो ड्रायव्हर वाचला नाही.

चॅनेलने मला बोलावलं. मी कंत्राट पुन्हा पुन्हा वाचून काढलं होतं. त्यात एक वाट होती. यंत्र बिघडलं तर दोष आमचा नाही. माझ्या माणसाने जाणूनबुजून चित्र बंद केलं तर कंत्राट तिथेच संपलं. डिरेक्टरने बटणाकडे पाहिलं नव्हतं, तो ओरडण्यात होता. धाकटीचा लाल सरकतो हे सगळ्यांना माहीत होतं. तिची ढीगभर दुरुस्ती झालेली होती. कोणीही विश्वास ठेवला असता.

गाडीत मी काकांना शांतपणे सांगितलं. इतका शांत मी त्या आधी आणि नंतर कधी नव्हतो.

“काका, एकच वाक्य. थ्री बंद पडला. बस्स. पुढचं मी बोलतो.”

ते खिडकीतून बाहेर बघत होते.

“तुमचं बरोबर की चूक, मला त्यात पडायचं नाही. पण माझ्या ट्रकवर चार जणांची घरं आहेत. त्यात तुमचंही आलं.”

“धाकटी बंद पडली नव्हती,” ते म्हणाले.

“मला माहीत आहे! म्हणून तर सांगतोय!”

“तिचा लाल सरकतो, ते खरं. पण त्या दिवशी ती उत्तम होती. सकाळी मी स्वतः लावली. इतकी चांगली ती वर्षभरात लागली नव्हती.”

“काका, ते मशीन आहे.”

“मग तर अजूनच. त्याला उलट उत्तर देता येत नाही.”

मॅनेजरचं ऑफिस उबदार होतं. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वाट हवी होती, ती त्याने स्वतः समोर ठेवली. “तुमच्या थ्री नंबरच्या कॅमेऱ्याचा त्रास आधीपासून आहे असं ऐकलं. त्यानेच दगा दिला ना?” असं म्हणून तो काकांकडे बघत राहिला. एक ‘येस’ पुरे होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

“कॅमेऱ्यात काही दोष नाही,” काका म्हणाले. “तो मी बंद केला. हाताने.”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. काकांना वाटलं, आपलं इंग्रजी त्याला कळलं नाही. म्हणून त्यांनी हात पुढे करून बटण मिटवण्याची कृती करून दाखवली.

पहिल्या हिमाच्या सुमाराला बँकेची माणसं ट्रक घेऊन गेली. कॅमेरे एका शिकागोवाल्याला गेले. ते न्यायला येणार त्या सकाळी मी गॅरेज उघडलं, तर दारात काका. थर्मास घेऊन. त्यांनी तिन्ही कॅमेरे सुरू केले, तापू दिले आणि नळ्या एकावर एक बसवायला लागले. परक्या माणसासाठी. मी म्हटलं, “फुकट का करताय? वाकडे असू देत, त्याचं तो बघेल.” ते बसवत राहिले. मला हाक मारून हात धरायलाही सांगितलं नाही. शिकागोवाल्याने चित्र पाहिलं आणि खूश होऊन गेला.

लोक कारणं शोधतात. शोकसभेत एकाने सुचवलं की काकांच्या आयुष्यात असंच काहीतरी दुःख असणार, म्हणून त्यांना ते बघवलं नाही. तसं काही नव्हतं. त्यांची बायको नागपुरात ठणठणीत होती आणि दिवाळीला त्यांना चकल्या पाठवायची.

वसंतात ती बाई माझ्या गॅरेजवर आली. मी तेव्हा जुनी यंत्रं घेऊन विकायचा धंदा सुरू केला होता, सगळीकडे खोकी पडली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, त्या दिवशीची टेप हवी आहे. ट्रॅकवाले म्हणतात, आगीचा बंब ताबडतोब पोचला. स्टँडमधले काहीजण म्हणतात, बराच वेळ कोणी आलंच नाही. वकील म्हणतो, तुमच्या उंचावरच्या कॅमेऱ्यात ते दिसलं असेल. तेवढं एक मिळालं तर दाव्याला अर्थ आहे.

माझ्याकडे धाकटीची वेगळी टेप होती. मी लावली. तिच्यात काही नाही हे सांगून बाई ऐकणार नाही असं तिच्याकडे बघून वाटलं. आग दिसली, तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग स्टँड आला आणि ती स्वतः.

“हातमोजे शोधत होते मी,” ती म्हणाली. “त्याचे. माझ्याकडे दिले होते त्याने.”

अंधार झाला. निवेदकाचा आवाज चालू होता, लोकांचा गलका चालू होता. ती पडद्याकडे बघत राहिली.

“आता येईल का?”

“नाही,” मी म्हटलं. “वळण रिकामं झाल्यावरच येतं.”

तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, हे बिघडलं होतं का.

“नाही. माझ्या माणसाने बंद केलं.”

“का?”

“ते त्यांनाच विचारा,” मी म्हटलं आणि काकांचा पत्ता लिहून दिला. रस्ता कुठे वळतो तेही सांगितलं. लोक म्हणतील, हे दुष्टपणाने केलं. म्हणोत. माझं जे गेलं ते गेलंच होतं, पण तिचं काय गेलं ते त्यांना कळायला हवं होतं, आणि ते मी सांगून कळलं नसतं. आजही मी पत्ता देईन.

दोन-तीन दिवसांनी काकांचा फोन आला. ट्रक गेल्यापासून पहिलाच.

“ती आली होती,” ते म्हणाले. “तू पाठवलीस ना?”

“हो.”

“बरं केलंस.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिने विचारलं, आगीचा बंब केव्हा आला. मी म्हटलं, मला नाही माहीत, मी आत होतो, मला दिसतं ते कॅमेऱ्यातूनच. ती म्हणाली, म्हणजे तुम्हीही पाहिलं नाही. म्हटलं, नाही.” कप ठेवल्याचा आवाज आला. “म्हणाली, माझ्यासाठी ठरवणारे तुम्ही कोण?”

“मग?”

“मग काय. बरोबर आहे तिचं. मी तसं सांगितलं तिला. माझं चुकलं म्हणालो.”

हे शब्द ऐकण्यासाठी मी पूर्ण हिवाळा काढला होता. मनात किती वेळा त्यांच्याकडून वदवून घेतले होते. ते त्यांनी एका अनोळखी बाईला पहिल्याच भेटीत देऊन टाकले होते.

“आणि माझं, काका?” मी विचारलं. “माझं काय?”

“तुझं काय?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “तुझा ट्रक गेला. तू हुशार आहेस, दुसरा घेशील.”

तिचा दावा पुढे उभा राहिलाच नाही. पुराव्यात काही नव्हतं. ती घर विकून भावाकडे गेली असं ऐकलं. काका त्यानंतर कुठल्या कॅमेऱ्यापाशी बसले नाहीत. तिथल्या औषधांच्या दुकानांत फोटोही धुवून मिळत, तशा एका फार्मसीच्या काउंटरवर उभे राहून लोकांच्या फोटोंची पाकिटं द्यायचे.

पुढे मी दुसरा ट्रक घेतला. पहिल्यापेक्षा मोठा, कॅमेरे चिपचे. आतल्या भिंती ज्या रंगाच्या होत्या त्याच ठेवल्या. मंडळात सगळ्यांनी अभिनंदन केलं, पेढे मागितले. काकांना मी कळवलं नाही. त्यांना कळलं नसेल असं होणार नाही, पण त्यांचाही फोन आला नाही.